दोघांनीच नाही म्हटलं

१

एका वस्तीतली झाडून सगळी माणसं परलोकावर विश्वास ठेवायला लागली, आणि त्यापायी मुंगीची नोकरी जायची वेळ आली.

मला हे कळलं ते सकाळी ऑफिसात पाऊल टाकताटाकता. साहेबांनी काचेतूनच हाताने बोलावलं. आत आमची टक्केवारी काढणारे आकडेमास्तर आधीच खुर्चीत रेलून बसले होते. ते असे रेलले, की समजायचं कुणाचं तरी काही खरं नाही.

"बसा," साहेब म्हणाले.

"उभीच बरी," मी म्हटलं. चिडायची वेळ जवळ आली की मला बसवत नाही.

आमचं ऑफिस लोकांची मतं गोळा करतं. कोणता साबण आवडतो, कुणाला मत देणार, असलं सगळं. या वेळचं काम एका वर्तमानपत्राचं होतं: लोक देवाधर्माचं किती मानतात? मुलाखती घेणाऱ्या बायका, मुंगी त्यांतलीच एक, दारोदार फिरतात, कागद भरून आणतात. मग मी त्यांतल्या काही घरांना फोन लावते. बाई आली होती का, हेच विचारलं का, तुम्ही हेच सांगितलंत का? याला फेरतपासणी म्हणतात, आणि मला चाळणी म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण चांगलं मला ऐकू येईल असं म्हणतात.

इतकी वर्षं चाळून माझं एक मत झालंय. माणूस साबणाबद्दलसुद्धा थापा मारतो. ज्या घरात साबणाचा झिजका तुकडा उरलेला असतो तिथली बाई महागातल्या साबणाचं नाव सांगते. मग देवाबद्दल विचारल्यावर तिने खरं का सांगावं?

"हा शेवटचा प्रश्न बघा," आकडेमास्तर म्हणाले. "'मेल्यानंतर आपली माणसं आपल्याला पुन्हा भेटतात, असं तुम्हाला वाटतं का?' बाकी सगळ्या वस्त्यांत निम्मे हो, निम्मे नाही. मुंगीच्या वस्तीत? सगळे हो! फक्त दोन नाही. अहो, असं कुठं असतं का? घरी बसून भरलेत कागद."

"मी काल फोन केलेत त्यांना," मी म्हटलं. "ती गेली होती. सगळ्यांना आठवतेय."

"आणि शेवटच्या प्रश्नाला तुम्हाला काय सांगितलं?"

इथे माझी पंचाईत झाली. कारण निम्म्याअधिक लोकांनी मला फोनवर सरळ सांगितलं होतं, छे, मेल्यावर कसली भेट नि काय!

"बघा," आकडेमास्तर म्हणाले. "लोक म्हणाले 'नाही', हिने लिहिलं 'हो'."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. मेलं की संपलं. पण लोकांचा आहे की नाही हे खरं कळायला हवं, त्याचेच तर आपण पैसे घेतो. उद्या दुपारी वर्तमानपत्राची माणसं यायची आहेत. त्याआधी मला तुमचा निकाल हवा. तिने खोटं केलं असेल तर तिचं नाव मी सगळ्या कंपन्यांना कळवणार. पुन्हा या धंद्यात पाऊल ठेवता कामा नये."

"बाकीचे प्रश्न?" मी विचारलं. "देव आहे का, प्रार्थना करता का, त्यांचं काय?"

"ते ठीक आहेत. इतरांसारखेच."

"मग लबाडी करणारी बाई एकाच प्रश्नात कशाला करेल? करायचीच तर सगळा कागद नाही का भरणार?"

आकडेमास्तरांनी पहिल्यांदाच पाठ सरळ केली.

२

मुंगी हे तिचं टोपणनाव, कारण ती थांबत नाही. आमच्याकडे येऊन तिला फार दिवस झाले नव्हते. पस्तिशीची असेल. दुसऱ्या कुठल्यातरी गावाहून एकटीच आलेली. बाकीच्या बायका उन्हाच्या वेळी झाडाखाली टेकतात, ही चालतच असते. कागद वेळेवर आणून देते, दोन शब्द बोलते, की परत पायाला भिंगरी.

मी तिला चहाच्या खोलीत गाठलं. पिशवी छातीशी धरून बेसिनपाशी उभी होती.

"कुणी सांगितलं का तुला?"

"सांगितलं, काकू. मी काही केलेलं नाही."

"घरी कोण असतं तुझ्या?"

"मी असते."

"हे बघ, समजा इथलं काम गेलंच, तर दुसरं काही बसून करायचं…"

"बसून नको," ती घाईघाईने म्हणाली. "घरी बसवत नाही मला."

मी तिला आडवंतिडवं खूप विचारलं. प्रश्न वाचताना शब्द बदललेस का? नाही. उत्तर सुचवलंस का? नाही. शेजारीपाजारी जमले होते का? नाही, एकेकटे होते. एकाही उत्तराला अडखळली नाही. खोटं बोलणारी माणसं जास्तीची माहिती देतात, हिने एक शब्द जास्तीचा दिला नाही.

"मग मला ते फोनवर वेगळं का सांगतात?"

"वेगळं? काय सांगतात?"

"नाही म्हणतात. भेटबिट काही होत नाही म्हणतात."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. बेसिनची कड तिने घट्ट धरली. नोकरी जाणार म्हटल्यावर जी बाई जागची हलली नव्हती, तिला आता आधार लागत होता.

"नाही काकू, असं नका सांगू. ते हो म्हणाले. वेगवेगळी माणसं, एकमेकांना ओळखत नाहीत, मला ओळखत नाहीत. त्यांना खोटं बोलायचं कारणच काय? मी चालते ती त्यांच्या त्या 'हो'वर." ती थांबली. "नोकरी गेली तर जाऊ दे. पण ते हो म्हणाले होते, एवढं तुम्ही शोधून काढा."

३

रात्री जेवताना माझं लक्ष ताटात नव्हतं. आमचे हे मात्र नेहमीप्रमाणे म्हणाले, "जेवण छान झालंय हं."

"मीठ विसरलेय मी."

"हो, ते विसरलीस खरी."

"मग छान कसं झालं?"

"तू विचारणार होतीस म्हणून आधीच सांगून टाकलं. दुसऱ्या कुणी विचारलं असतं, तर खरं सांगितलं असतं." आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन त्यांनी आणखी वाढून घेतलं.

मी त्यांच्यावर करवादले. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. सकाळी उठले ती तडक मुंगीच्या वस्तीत गेले. फोन पुरे झाले, आता तोंडं बघायची होती.

पहिलं घर गणिताच्या निवृत्त मास्तरांचं. दारात उभ्याउभ्याच त्यांनी विचारलं, "बरी आहे ना ती मुलगी?"

"बरी आहे. तिला तुम्ही शेवटच्या प्रश्नाला काय सांगितलंत?"

"हो म्हणालो."

मला हुश्श झालं. म्हणजे मुंगीने कागदात हेराफेरी केली नव्हती. "आणि मला फोनवर नाही म्हणालात!"

"नाहीच म्हणणार. जन्मभर गणित शिकवलंय मी. मेलं की शून्य."

"मग तिला हो का?"

मास्तरांनी चष्मा पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला. "तेव्हा तेच उत्तर बरोबर होतं."

"एका प्रश्नाला दोन बरोबर उत्तरं? आणि हे गणिताचा माणूस सांगतोय?"

"तुम्ही विचारलेला प्रश्न आणि तिने विचारलेला प्रश्न एकच नाहीये, बाई," एवढं बोलून त्यांनी दार हळूच लोटून घेतलं. माझ्या तोंडावर दार लोटलेलं मला मुळीच खपत नाही, पण बेल पुन्हा वाजवायचा धीर झाला नाही.

पुढची शिलाईकाम करणारी बाई. तोंडात टाचण्या धरून कापड मापत होती. मला बघून टाचण्या काढल्या आणि पहिला प्रश्न तोच: "बरी आहे ना हो ती?"

"का? रडली का तुमच्यासमोर? काही दुखणं सांगितलं?"

"छे हो! हसून बोलली. माझ्या कापडाचा रंग छान आहे म्हणाली. तेच तर बघवेना." आणि तिचे डोळे भरून आले. "जाऊ दे. तुमच्याच ऑफिसातली आहे, तुम्हाला ठाऊक असेलच."

मला कशाचा पत्ता नव्हता! घरामागून घर झालं. सगळे विचारत होते, ती बरी आहे ना. सगळ्यांनी तिला हो सांगितलं होतं आणि बोलताबोलता निम्मे मला नाही म्हणत होते. का ते एकजण सांगेल तर शपथ. अंगणात, जिन्यात, नळापाशी मी तणतणत फिरत होते. दुपार जवळ यायला लागली.

मग मलाच माझी लाज वाटली. लोक मला चाळणी म्हणतात, आणि मी खाली पडलेलं पीठ बघत बसले होते. चाळणीत अडकतं काय ते बघायचं असतं. दोन माणसं नाही म्हणाली होती, त्यांच्याकडे मी अजून गेलेच नव्हते.

त्यातली पहिली तरुण आई. "अहो, मी तिला नीट पाहिलंसुद्धा नाही," ती म्हणाली. "पोरांना कांजिण्या आल्या होत्या, दारच उघडलं नाही. तिने बाहेरून विचारलं, मी आतून ओरडून सांगितलं. गोड बोलली हो."

हिने ती बरी आहे का, हे विचारलं नाही.

दुसरं घर गल्लीच्या टोकाला. तिथे राहणारे काका पूर्वी टेलिफोन एक्सचेंजात ऑपरेटर होते. बेल वाजवली. दार उघडलं. ते माझ्या खांद्याच्याही पलीकडे, रस्त्याकडे बघून हसले.

"या. आत दोन पायऱ्या आहेत, जपून. मला त्या पाठ आहेत, तुम्हाला नसतील."

काका आंधळे होते.

४

मी पायरीवरच मटकन बसले. हो, बसले!

"काय झालं हो?" काकांनी विचारलं.

"काही नाही. माझ्या डोक्यात उजेड पडायला लागलाय. तिने तुम्हाला शेवटचा प्रश्न विचारला…"

"मी नाही म्हणालो. माझी बायको गेली तेव्हाच मी मनाशी ठरवलंय, की नाही. पण तिला तसं सांगितल्यापासून मला चैन नाही." ते चाचपडत बाकावर टेकले. "मी जन्मभर लोकांचे आवाज ऐकलेत. तो प्रश्न तिने बाकीच्या प्रश्नांसारखा नाही वाचला. सगळे वाचले सरळ. तो वाचताना तिने आधी श्वास घेतला. मी नाही म्हणालो, आणि ती 'बरं' म्हणाली. असं बरं मी कधी ऐकलं नव्हतं. काही चुकलं का माझं?"

"तुमचं काही चुकलेलं नाही. मनातलं 'नाही' तिला सांगणारे सगळ्या वस्तीत तुम्ही दोघंच."

परत येताना मी जवळजवळ पळत होते, माझ्या गुडघ्यांना न विचारता. एकीने दार उघडलं नव्हतं. एकाला दिसत नव्हतं. दोघांनी तिचा आवाज ऐकला, प्रश्न तोच ऐकला, आणि नाही म्हणाले. बाकी ज्यांनी ज्यांनी तिला समोर बघितलं, त्यांनी हो म्हटलं आणि ते अजून तिच्या काळजीत होते. म्हणजे ती काही बोलत नव्हती. ती काहीतरी दाखवत होती. आणि मी पैज लावायला तयार होते, की आपण काय दाखवतो हे तिलाच ठाऊक नाही.

पण तिला ऑफिसात तर आम्ही सगळे रोज बघत होतो. आमच्यापैकी कुणाचा जीव तिच्यासाठी तुटला नव्हता. मग दारात असं काय होतं, जे ऑफिसात नव्हतं?

५

"मला तिची मुलाखत बघायची आहे," मी साहेबांना म्हटलं. "ती दारावर घेते तशीच. उत्तरं तुम्ही द्या."

"अहो, वर्तमानपत्रवाले निघाले असतील!"

"म्हणूनच म्हणते, लवकर उरका."

आकडेमास्तर बाजूच्या खुर्चीत, मुंगी उभी राहील त्याच बाजूला बसले. "नाटकं," असं पुटपुटलेले मी ऐकलं. मुंगीला आत बोलावलं. ती साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली. पिशवीतून तिने लिहायचं पॅड काढलं. मुलं परीक्षेला नेतात तसलं, वर चिमटा असलेलं. आमच्या ऑफिसचं नव्हतं. ऑफिसात ती नुसते सुटे कागद आणून द्यायची, म्हणून ते मी आजवर पाहिलंच नव्हतं. कागद चिमट्यात लावून तिने ते डाव्या हातावर आडवं धरलं, कागद स्वतःकडे आणि पाठ साहेबांकडे.

मी साहेबांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. आणि मला ते दिसलं.

पॅडच्या पाठीवर स्केचपेनने चौकोन आखलेले होते, रांगेवर रांग. वर लहान मुलीच्या अक्षरात लिहिलं होतं: इंजेक्शनला रडले नाही की एक चांदणी. पहिल्या रांगेत चंदेरी चांदण्या चिकटवलेल्या. दुसऱ्या रांगेतही. तिसरीत थोड्या, जरा वाकड्यातिकड्या. पुढे चौकोन रिकामे. खालपर्यंत सगळे रिकामे. कोपऱ्यात हॉस्पिटलमध्ये मनगटाला बांधतात ती पट्टी चिकटवलेली होती. एवढीशी होती हो. माझी तीन बोटंसुद्धा जेमतेम मावली असती तिच्यात.



"तुम्ही देव मानता का?" मुंगीने हसून विचारलं.

"नाही," साहेब रुबाबात म्हणाले.

"प्रार्थना करता?"

"वेळ कुणाला आहे?" ते म्हणाले, आणि मग त्यांचं लक्ष गेलं. त्यांची मान जरा पुढे आली. पुढच्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं, पण नजर हलली नाही. ती चांदण्यांवरून रांगेने चालली होती, आणि जिथे चांदण्या संपल्या तिथे थांबली.

मुंगीने श्वास घेतला. "मेल्यानंतर आपली माणसं आपल्याला पुन्हा भेटतात, असं तुम्हाला वाटतं का?"

मेलं की संपलं, हे कालच या माणसाने याच टेबलावर ठणकावून सांगितलं होतं.

"हो," साहेब म्हणाले. "भेटतात. नक्की भेटतात, बाळ."

मुंगीने खूण केली.

"साहेब!" आकडेमास्तर ताडकन उठले. "काल तर तुम्ही…"

"तुम्ही इकडे येऊन उभे राहा," मी म्हटलं. ते आले. बघितलं. आणि हा माणूस, जो कुणाच्या लग्नातसुद्धा टक्केवारी काढतो, खिशात रुमाल शोधायला लागला.

६

मुंगीला बाहेर पाठवून मी साहेबांना सगळं उलगडून सांगितलं. दार न उघडलेली बाई, न दिसणारे काका, गणिताचे मास्तर.

"देव आहे का, यावर लोक आपलं जे काय ते सांगतात," मी म्हटलं. "पण ते पॅड समोर धरून एक आई विचारते, गेलेली माणसं भेटतात का? तिला कोण नाही म्हणेल? आणि ती उभी आहे ती याच उत्तरांवर. तिला वाटतं, परक्या माणसांना खोटं बोलायचं कारण नाही, म्हणजे ते खरंच असणार."

"म्हणजे तिच्या वस्तीतला तो प्रश्न बाद," साहेब म्हणाले. "बाकीच्या वस्त्या तरी शाबूत आहेत."

"कशावरून? कुणी सासूसमोर उत्तर दिलंय, कुणी पोरांसमोर. एखादी मुलाखत घेणारी गळ्यात काहीतरी घालून गेली असेल, ते बघून समोरच्याने शब्द गिळले असतील. मुंगीचं पॅड सापडलं म्हणून आपल्याला कळलं. साबणाबद्दल विचारा, माणूस दुकान आठवतो. देवाबद्दल विचारलं, की तो आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. तुमचा निम्मानिम्मा आकडा खरा आहे की नाही, मला नाही सांगता येणार. तसं छापायला सांगा त्यांना."

"असं छापतात होय कुणी?" पण हे म्हणताना ते टिपूनही घेत होते. मग म्हणाले, "तिची नोकरी राहील. नवं पॅड द्या. आणि तिला… काय सांगायचं ते तुम्ही बघा."

वा! कठीण ते माझ्या गळ्यात.

मुंगी जिन्यात उभी होती. "काकू, सापडलं? हो म्हणाले होते ना ते?"

मला खोटं बोलता आलं असतं. फार सोपं होतं. पण सगळ्यांनी तिच्याशी तेच केलं होतं, आणि उद्या दुसऱ्या कुणी धसमुसळेपणाने खरं सांगितलं असतं, तर ती कोसळली असती.

"म्हणाले होते," मी सांगितलं. "तू काडीचं खोटं लिहिलेलं नाहीस. पण राणी, त्यांनी प्रश्नाला उत्तर नाही दिलं. तुला दिलं." तिच्या हातातलं पॅड मी उलटं केलं. "तू कागद बघत होतीस. ते हे बघत होते."

ती चांदण्यांकडे बघत राहिली. आमच्या पॅडांचे चिमटे ढिले, म्हणून तिने घरातलं आणलं होतं, इतकंच. संध्याकाळी घरी पॅडची पाठ बघायची, सकाळी कागद लावायची. दारात उभी राहिल्यावर ती पाठ कुणाकडे असते, हा विचार तिच्या मनाला शिवलाच नव्हता. मी वाट बघत होते, आता ही फुटेल. माझाच बांध फुटला, तिचा नाही.

"सगळ्यांनी?" तिने विचारलं. "प्रत्येक घरात?"

"प्रत्येक घरात. आणि जिथे जाते तिथे मला विचारतात, ती बरी आहे ना."

"म्हणजे इतक्या सगळ्यांनी तिला पाहिलं," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझ्याशिवाय ती आता कुणालाच माहीत नाही." आणि तेव्हा ती माझ्या शेजारी पायरीवर बसली. मुंगीला बसलेलं मी प्रथमच पाहत होते. बराच वेळ ती रडली आणि मी तिला रडू दिलं.

मग नाक पुसत म्हणाली, "दोघांनी नाही पाहिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी काकांकडे गेलो. नवं पॅड ऑफिसात ठेवून, जुनं घेऊन. काकांनी तिचा आवाज ओळखला, आणि बिचारे लगेच म्हणाले, "पोरी, त्या दिवशीचं माझं उत्तर…"

"ते राहू दे काका. तुम्ही खरं सांगितलंत." तिने पॅड त्यांच्या मांडीवर ठेवलं.

काकांची बोटं चांदण्यांवरून फिरली. पहिली रांग, दुसरी, तिसरी. चांदण्या संपल्या तिथे बोट अडलं, पुढे सरकलं, गुळगुळीत पुठ्ठा लागला, परत मागे शेवटच्या चांदणीवर आलं आणि तिथेच राहिलं. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

"बस," ते म्हणाले. "मला घाई नाही. कशी होती ती, सांग."

मुंगी बसली आणि सांगायला लागली.